चिठ्ठी खरी, सही खरी. तरी ट्रामाडॉल द्यायचं का?

शाहूपुरी_काउंटर

नमस्कार मंडळी. प्रश्न मेडिकलवाल्यांना आहे, तसा डॉक्टरांनाही आहे. उत्तरं हवेत जाऊ नयेत म्हणून एक उदाहरण धरून विचारतो.

पस्तिशीचा माणूस, तक्रार कंबरदुखीची. पहिली चिठ्ठी हाडाच्या डॉक्टरांची: ट्रामाडॉल (अफूच्या जातीचं वेदनाशामक) ३७.५ मिग्रॅ अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, १५ दिवस. म्हणजे ४५ गोळ्या. सहाव्या दिवशी तोच माणूस दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन काउंटरवर हजर: टॅपेन्टाडॉल (तेही त्याच जातीचं) १०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, १० दिवस, आणि रात्री अल्प्राझोलाम (झोपेची-चिंतेची गोळी) ०.५. दोन्हीकडं नाव, तारीख, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का जागच्या जागी. झेरॉक्स नाही, खाडाखोड नाही. पैसे काढताना मात्र पाकिटातून व्यसनमुक्ती केंद्राचं कार्ड बाहेर डोकावतं, त्यावर बुप्रेनॉर्फिन (अफूचं व्यसन सोडवायचं औषध) चालू असल्याची नोंद.

बनावट चिठ्ठी असली तर काय करायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं चिठ्ठी अस्सल आहे आणि औषधच चुकलंय. कायद्यानं नाही म्हणता येतं का? म्हटलं तर त्या माणसाचं पुढं काय होतं? डॉक्टरांना कसं कळवायचं? आणि एखादे डॉक्टर वारंवार असंच लिहीत असतील तर दाद कुठं मागायची?

---

एच_वन_रजिस्टर

नाही म्हणता येतं. किंबहुना अशी चिठ्ठी न तपासता माल देणं हीच चूक आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ वाचा. चिठ्ठी हातात आली की फार्मासिस्टनं काय काय बघायचं ते त्यात दिलंय: औषध गरजेपेक्षा जास्त वापरलं जातंय का, एकाच कामाची दोन औषधं आहेत का, एकमेकांशी भांडतात का, डोस आणि दिवस बरोबर आहेत का, आणि गैरवापर होतोय का. काही खटकलं तर ते सोडवायचं, गरज पडल्यास डॉक्टरांशी बोलायचं. ‘डॉक्टरनं लिहिलं, मी दिलं’ हा बचाव तिथंच संपतो. तुमच्या उदाहरणात तर यातल्या जवळजवळ सगळ्याच गोष्टी खटकण्याजोग्या आहेत.

आता कामाचं सांगतो: तारखांची वजाबाकी करायला शिका. ४५ गोळ्या, रोज ३, तर १५ दिवस पुरल्या पाहिजेत. सहाव्या दिवशी संपल्या असतील तर रोजच्या साडेसात झाल्या. या गोळीची दिवसाची मर्यादा ८, म्हणजे काठावर. तिसऱ्या दिवशी परत आला तर रोज १५. त्यात ट्रामाडॉल ५६२ मिग्रॅच्या वर जातं, मर्यादा ४०० ची. आणि ज्याकडं कुणाचंच लक्ष नसतं ते पॅरासिटामॉल पावणेपाच ग्रॅमच्या पुढं जातं. माणूस तलफेसाठी ट्रामाडॉल घेतो आणि लिव्हर पॅरासिटामॉलनं जातं. त्यामुळं ‘कंबर दुखते’ म्हणणाऱ्याचे डोळे पिवळे दिसले तर गोळ्या नाही, आधी दवाखाना.

ही वजाबाकी करायची तर मागचा माल कधी दिला ते चिठ्ठीवर दिसलं पाहिजे. औषध नियमावलीतला नियम ६५ तेच सांगतो: माल देताना डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख लिहायची. आणि डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असं स्वतः लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच माल. निम्मी दुकानं हा शिक्का मारत नाहीत, मग एकच चिठ्ठी शाहूपुरीत, राजारामपुरीत आणि गांधीनगरात अशी तीनदा चालते. त्याला डॉक्टर जबाबदार नाही, आपण आहोत.

शेड्यूल एच-वन, म्हणजे वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. ट्रामाडॉल, पेन्टाझोसिन, बुप्रेनॉर्फिन, कोडीन, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम हे सगळे त्यात. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या, आणि ते ३ वर्षं जपायचं. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालीही मनःप्रभावी पदार्थ आहे, म्हणजे डोक्यावर दोन कायदे. शंका आली तर पाकीट बघा: नुसतं आरएक्स, लाल चौकटीसह आरएक्स, की एनआरएक्स. एनआरएक्स छापलं असेल तर तो एनडीपीएसचा माल. आणि अशा औषधाची व्हॉट्सअॅपवर आलेली चिठ्ठी चालत नाही. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी एनडीपीएसमधली औषधं फोनवर तपासून लिहून द्यायला मनाई केली आहे.

---

टिकटी_७

सरांचं रजिस्टर पुराण बरोबर. पण पुडीतल्या गोळ्यांचं काय? आपल्याकडं खेडोपाडी निम्मे डॉक्टर स्वतःच गोळ्या देतात. पांढरी, पिवळी, अर्धी गुलाबी. पेशंट काय खातोय ते पेशंटला माहीत नाही, पुढच्या डॉक्टरला माहीत नाही.

---

एच_वन_रजिस्टर

@टिकटी_७ तिथंही नियम आहे, कुणी पाळत नाही एवढंच. डॉक्टरला स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला परवाना लागत नाही, ही सूट शेड्यूल के मधली. पण सूट फुकट नाही. माल परवानाधारकाकडूनच घ्यायचा, खरेदीची नोंद ठेवायची. शेड्यूल एच चं (चिठ्ठीशिवाय न मिळणारं) औषध असेल तर पुडीवर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस, रजिस्टरमध्ये औषध, डोस, पेशंटचं नाव, तारीख, त्या नोंदीला क्रमांक, आणि तोच क्रमांक पुडीवर. रजिस्टर २ वर्षं जपायचं. क्रमांक नसलेली पुडी आली की समजा रजिस्टरही नाही. पेशंटला एवढंच शिकवा: ‘पुडीवर गोळीचं नाव लिहून द्या’ असं म्हण. बहुतेक डॉक्टर मागितलं की लिहून देतात.

---

ओपीडी_क्र_१४

मानसोपचाराच्या बाजूनं लिहिते. मूळ उदाहरणात चार वेगवेगळे धोके एकात एक गुंतलेत, ते सुटे करून बघू.

पहिला, बुप्रेनॉर्फिनवर टॅपेन्टाडॉल. बुप्रेनॉर्फिन मेंदूतल्या अफूच्या रिसेप्टरला घट्ट चिकटतं आणि दुसऱ्याला जागा देत नाही. रोजचा डोस नीट घेणाऱ्याला टॅपेन्टाडॉलनं ना धड दुखणं थांबतं ना मजा येते. मग तो काय करतो? दोन-तीन दिवस बुप्रेनॉर्फिन चुकवतो, म्हणजे दुसरी गोळी ‘लागते’. आठवडाभर ती चालली की पश्चात्ताप होऊन, किंवा केंद्राच्या तारखेच्या भीतीनं, परत बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतो. आता ती टॅपेन्टाडॉलला रिसेप्टरवरून हुसकावून लावते, पण स्वतः त्याच्याइतकं काम करत नाही. अर्ध्या-एक तासात जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, जीव नकोसा. माणूस ठरवून टाकतो की ‘केंद्राची गोळी मला सोसत नाही’. उपचार तिथं सुटतो. दोष गोळीचा नव्हता, वेळेचा होता. अशा वेळी शेवटच्या साध्या गोळीनंतर किमान १२ तास, एसआर (हळूहळू सुटणारी गोळी) असेल तर साधारण २४ तास थांबून, विड्रॉलची (औषध तुटल्यावरच्या त्रासाची) लक्षणं स्पष्ट दिसल्यावरच आणि केंद्रातल्या डॉक्टरांसमोरच बुप्रेनॉर्फिन परत सुरू करायचं. घरी स्वतःच्या मनानं नाही.

दुसरा धोका अल्प्राझोलामचा. ते आणि अफूच्या जातीचं औषध, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. एकेकटं पचवणारा माणूस दोन्ही घेऊन झोपला, वर चपटी मारली, की सकाळी उठेलच याची खात्री नाही. अलीकडं त्यात प्रीगॅबालिनची भर पडली आहे. तेही याच पंगतीत बसतं, पण ‘नसांची गोळी’ म्हणून कुणी मोजत नाही.

तिसरा ट्रामाडॉलचा स्वतःचा, आणि हा सर्वांत जास्त दुर्लक्षित. ट्रामाडॉल निम्मं अफूसारखं वागतं आणि निम्मं नैराश्याच्या गोळीसारखं, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं. त्यामुळं फिट येते. जास्त डोसला तर येतेच, पण ज्याला आधी फिट आली आहे, ज्याच्या डोक्याला मार आहे, किंवा जो नुकताच दारू सोडतोय, त्याला नेहमीच्या डोसलाही येऊ शकते. आपल्या भागात अफूपेक्षा दारूचे रुग्ण कितीतरी जास्त. दारू सोडून चौथा दिवस, हात थरथरतायत, पाठ दुखते म्हणून कुणीतरी ट्रामाडॉलचं इंजेक्शन दिलं आणि दवाखान्याच्या दारात फिट आली, तर हे नशीब नव्हे, चुकलेली निवड आहे. ‘व्यसनाचा इतिहास’ विचारायचा म्हणजे दारूही विचारायची.

यातच एक खोच आहे. व्यसनमुक्तीच्या कितीतरी रुग्णांना सोबत फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन किंवा तंबाखूसाठी ब्युप्रोपिऑन चालू असतं. ट्रामाडॉलचं दुखणं थांबवणारं रूप लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमनं तयार होतं, त्यालाच या गोळ्या अडवतात. म्हणजे दुखणं कमी होत नाही, माणूस गोळी वाढवतो, आणि न बदललेलं ट्रामाडॉल रक्तात साचून फिटची शक्यता वाढते. वरून सेरोटोनिन दोन बाजूंनी वाढतं: घाम, थरथर, पाय झटके देणं, ताप, जुलाब. याला ‘व्हायरल’ समजून घरी पाठवू नका.

चौथा धोका म्हणजे एका दमात बंद करणं. डॉक्टरला चूक कळली आणि त्यानं ‘उद्यापासून एकही नाही’ म्हटलं, की तो रुग्ण दुसऱ्या दारात जातो. अफूचा विड्रॉल सहसा जिवावर बेतत नाही, पण पंधरा दिवसांनी जुनाच डोस घेतला तर बेतू शकतो, कारण तोवर सहनशक्ती उतरलेली असते. अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. आधी सढळ हातानं लिहिलं, मग २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा धाक घेऊन एकदम तोडलं, आणि २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाला, एफडीएला, अचानक बंद करू नका असा इशारा द्यावा लागला. वर्षभराहून अधिक काळ चालू असलेली गोळी महिन्याला सुमारे १० टक्के, रुग्णाला झेपेल तशी उतरवतात. पॅरासिटामॉलची जोडगोळी असेल तर आधी साध्या ट्रामाडॉलवर आणतात, मग उतरवतात, म्हणजे लिव्हर वाचतं. आणि ज्याला खरोखर व्यसन आहे त्याला उतरवण्यापेक्षा बुप्रेनॉर्फिनवर नेणं जास्त टिकतं.

काउंटरवरचं उत्तर मग असं: टॅपेन्टाडॉल आणि अल्प्राझोलाम देऊ नका. ‘तुम्हाला केंद्रातून जे चालू आहे त्याच्याशी हे जुळत नाही, म्हणून डॉक्टरांशी बोलतो’ एवढंच, हळू आवाजात, बाकीची गिऱ्हाइकं नसताना. त्याच दिवशी केंद्रात किंवा सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) मानसोपचार विभागात जायला सांगा. केंद्राचं बुप्रेनॉर्फिन तुमच्या दुकानात मिळत नाही, तो पुरवठा केंद्रांपुरताच आहे, म्हणून ‘तीच गोळी तुम्ही द्या’ या आग्रहाला उत्तर तयार ठेवा. रात्री-अपरात्री बोलायला १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन. दोन्ही नंबर काउंटरच्या काचेवर आतून चिकटवा, वाचणारा गुपचूप वाचतो.

---

भूल_आणि_चूक

भूलतज्ज्ञांच्या चष्म्यातून थोडं. वरचं सगळं पटलं, पण कुणी हे सांगितलंच नाही की त्या माणसाची कंबर खरंच दुखत असेल तर? व्यसन असलेल्याला दुखणं नसतं असं थोडंच आहे. उलट बरीच वर्षं अफूची औषधं घेतलेल्याला तेच दुखणं जास्त जाणवतं. ‘याला काही द्यायचंच नाही’ हाही बेजबाबदारपणाच, फक्त दुसऱ्या टोकाचा. सगळ्या चुकीच्या चिठ्ठ्या लोभापायी लिहिल्या जात नाहीत. पुष्कळशा यासाठी लिहिल्या जातात की ओपीडीत तीन मिनिटं आहेत आणि ट्रामाडॉलला तीन सेकंद लागतात.

बुप्रेनॉर्फिनवरच्या रुग्णाचा हात मोडला किंवा ऑपरेशन ठरलं तर ते बंद करू नका. लोक बंद करतात, तिथंच घोळ होतो. बुप्रेनॉर्फिन स्वतः चांगलं वेदनाशामक आहे, पण दुखण्यावरचा परिणाम ६ ते ८ तासच टिकतो, तलफेवरचा दिवसभर. म्हणून एकदा ८ मिग्रॅ घेणाऱ्याला तेच २-२ मिग्रॅ करून दर ६ तासांनी द्यायचं. एकूण डोस तोच, दुखणं मात्र बरंच आवरतं. त्यावर पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी वेळेवर (मागेल तेव्हा नव्हे), लिव्हर खराब असेल तर कमी. किडनी आणि पोट ठीक असेल तर आयब्युप्रोफेन ४०० तीन वेळा, किंवा केटोरोलॅक, पण ते ५ दिवसांच्या वर नाही. आणि शक्य तिथं नर्व्ह ब्लॉक, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. हाताच्या फ्रॅक्चरला ब्लॉक दिला तर पहिली रात्र, जी सगळ्यात वाईट असते, ती गोळीशिवाय निघते.

नाल्ट्रेक्सोनवरचा (अफूचा परिणाम रोखणाऱ्या औषधावरचा) रुग्ण वेगळा. त्याच्यावर अफूचं कुठलंच औषध काम करणार नाही. ठरलेलं ऑपरेशन असेल तर तोंडावाटेची गोळी ७२ तास आधी थांबवतात. हे न विचारता ‘अजून एक अॅम्प्यूल, अजून एक’ करत जाणं फार धोक्याचं.

पेन्टाझोसिन, ब्युटोरफॅनॉल, नालब्युफिन या तिघांबद्दल लाल अक्षरांत लिहून ठेवा. बाहेरच्या दवाखान्यात ‘हलकं इंजेक्शन’ म्हणून देतात. ज्याच्या अंगात रोजची अफू, हेरॉइन किंवा ट्रामाडॉल आहे त्याला हे दिलं की विड्रॉल उसळतो, आणि तो ओरडायला लागला की ‘नाटक करतो’ म्हणून हाकलतात. पेन्टाझोसिनचं व्यसन लागलेला माणूस ओळखायला सोपा: दंड आणि मांड्या हाताला लाकडासारख्या लागतात, कातडी काळवंडलेली, मधे खोल जखमा. तिथं सुई शिरत नाही. असा दंड पाहिल्यावर विचारायचं बाकी काय राहतं?

कधीकधी अफूचं औषध द्यावंच लागतं, भाजलेला असेल, मोठा अपघात असेल. मग ३ दिवसांचं. एकच डॉक्टर, एकच दुकान, गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात, आणि पुढच्या भेटीला रिकामी स्ट्रिप परत. चिठ्ठीवर आकडा अक्षरांत: ‘९ (नऊ) गोळ्या’. नुसता ९ लिहिला की त्याचा ९० व्हायला एक शून्य पुरतं. ‘पुन्हा देऊ नये’ हेही लिहा, मेडिकलवाल्याचं काम सोपं होतं.

---

रंकाळा_कट्टा

माफ करा, पण मला उलटी भीती वाटते. हा धागा वाचून उद्या प्रत्येक ट्रामाडॉलवाल्याकडं चोरासारखं बघायला लागतील. कॅन्सरच्या पेशंटला रोज गोळी लागते, बंद केली तर विड्रॉल येतो, म्हणून तो व्यसनी होत नाही. शरीराला सवय लागणं वेगळं आणि व्यसन वेगळं. नुकसान होतंय हे दिसूनही थांबता न येणं, गोळीसाठी कामधंदा सुटणं, लपवाछपवी, हे व्यसन. एनडीपीएस कायद्यात २०१४ ला जी दुरुस्ती झाली ती याचसाठी: मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवली, मान्यताप्राप्त दवाखान्यांना परवान्यांच्या भाऊगर्दीतून सोडवलं. तरी मॉर्फिनची गोळी मिळवताना नातेवाइकांच्या चपला झिजतात. तुमच्या वजाबाकीत हा माणूस भरडला जाऊ नये.

---

ओपीडी_क्र_१४

@रंकाळा_कट्टा मान्य, शंभर टक्के. म्हणून संख्या एकटी बघायची नाही. कॅन्सरवाल्याचा डॉक्टर एक असतो, फाइल जाडजूड असते, डोस वाढला तरी कारण लिहिलेलं असतं. दोन डॉक्टर एकमेकांना माहीत नसणं, ‘तीच कंपनी पाहिजे, तोच रंग’ असा हट्ट, बिल नको म्हणणं, ‘स्ट्रिप हरवली’ दर महिन्याला, हे एकत्र आलं तर विचारा. यातलं एखादंच असेल तर तो बिचारा खरंच विसरभोळा असू शकतो.

आकड्यांचं म्हणाल तर केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीत हेरॉइन घेणारे १.१४ टक्के होते आणि वेदनाशामकासारखी औषधी अफू घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे जवळपास बरोबरी. हा माल जंगलातून येत नाही, आपल्याच काउंटरवरून आणि लेटरहेडवरून येतो.

---

भवानी_मंडप_वकिली

शेवटच्या प्रश्नाकडं कुणी वळलं नाही. तक्रार.

दुकानाबद्दल किंवा मालाबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय. डॉक्टरांच्या लिहिण्याबद्दल असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, मुंबई. दोन्हीकडं एकच अर्ज ठोकू नका, एक दुसऱ्याकडं ढकलतं. परिषदेकडं मुद्दा मांडायचा तो डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतला: ठोस वैद्यकीय कारण नसताना मनःप्रभावी औषध लिहिणं हा गैरवर्तनाचा प्रकार म्हणून तिथं स्पष्ट दिलाय. ट्रामाडॉल त्यात बसतं. २०२३ चे नवे नियम स्थगित आहेत, त्यांचा हवाला देऊ नका, समोरचा वकील तेवढ्यावर खेळवेल.

पुरावा म्हणजे चिठ्ठ्यांच्या प्रती तारखेच्या क्रमानं, सोबत बिलं. रुग्णानं स्वतः मागितलं तर डॉक्टरांना केस पेपरची प्रत ७२ तासांत द्यावी लागते, तीही त्याच संहितेत आहे. त्या कागदावर ‘व्यसनाचा इतिहास: आहे’ असं लिहून खाली १५ दिवसांचं ट्रामाडॉल असेल, तर बाकी काही बोलायची गरज नाही. आणि ‘व्यसनाचा इतिहास’ हा रकानाच कोरा असेल तर तो कोरेपणाही पुरावाच.

एक धोक्याची सूचना. उत्साहाच्या भरात पोलिसांना फोन करून त्या माणसालाच पकडून देऊ नका. वैयक्तिक वापरासाठी अशी गोळी डॉक्टरच्या सल्ल्यानं १०० मात्रांपर्यंत जवळ ठेवायला एनडीपीएसच्या नियमांत मुभा आहे, दीर्घ उपचारासाठी खास लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. आणि कलम ६४ अ असं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसन हे आजारातच मोडतं, आणि त्याची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्या पाकिटातल्या कार्डाबद्दल बोलतोय मी.

---

शाहूपुरी_काउंटर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. नाद खुळा. दोनच गोष्टी. शनिवारी रात्री डॉक्टर फोन उचलत नाहीत, माणूस समोर वेदनेनं कळवळतोय, तेव्हा? आणि डॉक्टरांना पाठवायचा मजकूर असा लिहिलाय, बघून सांगा:

‘डॉक्टर साहेब, आपला पेशंट अमुक हा व्यसनी असून व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेत आहे. तरी आपण त्यास टॅपेन्टाडॉल लिहून दिले आहे. हे चुकीचे आहे. कृपया चिठ्ठी बदलून द्यावी.’

---

भूल_आणि_चूक

शनिवारच्या रात्रीचं: चिठ्ठीवरच्या संख्येपेक्षा कमी गोळ्या देता येतात, जास्त नाही. कार्ड दिसलं नसतं, नुसती तारखेची शंका असती, तर सोमवारपर्यंतच्या मोजून देऊन तेवढ्याच चिठ्ठीवर नोंदवता आल्या असत्या. तुमच्या उदाहरणात मात्र बुप्रेनॉर्फिन आणि अल्प्राझोलाम दोन्ही आहेत, तिथं एकही नाही. खरंच कळवळतोय तर सीपीआरचा अपघात विभाग रात्रभर उघडा आहे, तिथं तपासून देतील. आणि काउंटरसमोरच तो पेंगायला लागला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मिनिटाला दहा-बाराच्या खाली, ओठ निळसर, तर १०८. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. दवाखान्यात नॅलोक्सोन (अफूवरचा उतारा) ०.४ मिग्रॅ देऊन शुद्धीवर आला की लगेच घरी सोडा म्हणून नातेवाईक घाई करतात. त्याचा परिणाम तासा-दीड तासात ओसरतो, एसआर गोळीचा नाही. रात्रभर ठेवून घ्यायला सांगा. ट्रामाडॉल असेल तर ते आधीच सांगा, नॅलोक्सोननं ते पूर्ण उतरत नाही आणि फिटकडं लक्ष ठेवावं लागतं.

---

भवानी_मंडप_वकिली

मजकुरातून ‘व्यसनी’ काढा. केंद्राचा उल्लेखही काढा, कार्ड त्यानं तुम्हाला दाखवलेलं नाही, ते दिसलं. आधी त्यालाच विचारा, ‘डॉक्टरांना सांगू का?’ हो म्हणाला तर लिहा.

---

ओपीडी_क्र_१४

आणि ‘हे चुकीचे आहे’ वाचून कुठलाही डॉक्टर फोन आपटेल. असं करा:

‘डॉक्टर साहेब, नमस्कार. आपल्या अमुक तारखेच्या चिठ्ठीवर टॅपेन्टाडॉल १०० आणि अल्प्राझोलाम ०.५ आहे. याच रुग्णाला ६ दिवसांपूर्वी दुसऱ्या चिठ्ठीवर ट्रामाडॉलच्या ४५ गोळ्या दिल्या गेल्या आहेत, ते आपल्याला बहुधा सांगितलं गेलेलं नाही. दोन्ही एकत्र देण्याआधी आपलं मत हवं होतं. तोवर माल दिलेला नाही. रुग्णाच्या परवानगीनं आणखी एक माहिती फोनवर सांगायची आहे.’

फोनवर सांगायचं ते फोनवरच. व्हॉट्सअॅपवर नको, दवाखान्याचा मोबाइल तिथं कंपाउंडरकडं असतो.